रूम टेंपरेचर, अमरावती

बाटलीचं बूच वर सरकलं होतं. बाजूनं लाल ओघळ येऊन लेबलवर वाळला होता. मी हात लावला. बाटली चक्क गरम होती!

अमरावतीच्या एका हॉटेलात मी बँक्वेट मॅनेजर आहे. मे महिना होता. तासाभरात आमच्या हॉलमध्ये वलगावच्या किसनरावांकडचं जेवण होतं. भाजीपाला आणि संत्र्याचे बागायतदार. त्यांच्या मुलीनं पोर्तुगालमध्ये नोकरी करता करता तिथल्याच मुलाशी लग्न केलं. व्याही पहिल्यांदाच आले होते. येताना घरच्या मळ्यातल्या रेड वाइनच्या तीन बाटल्या आणलेल्या. जावयाच्या जन्माच्या वर्षीची द्राक्षं. पुन्हा मिळणं नाही. दोन दिवसांपूर्वीच त्या आमच्या स्टोअरमध्ये आल्या होत्या.

मेनूवरून किसनरावांशी माझी आधीच झकाझकी झाली होती. ही वाइन जांभळासारखी तुरट असते. त्या तुरटपणाला टॅनिन म्हणतात. सोबत तूप, मटण असलं की तो मवाळ होतो. मिरची असली की तोंडाची आग होते. म्हणून मी कणकेचे, तुपातले रोडगे, वांग्याची भाजी, कमी तिखटाचं मटण ठरवलं आणि ठेचा काढून टाकला.

"ठेच्याबिगर वऱ्हाडी जेवन? व्याही काय म्हनतीन?"

"काका, वाइनचा मान ठेवा."

"बरं बा. तुमी शिकेल मानसं."

आणि शिकलेल्या माणसानं हे दिवे लावले! स्टोअरकीपर गजाननवर मी ओरडलो, "बाटल्या इथं कावून ठेवल्या?"

"तुमीच त सांगतलं सर. फ्रीजमंदी नाई, रूम टेंपरेचरले ठेवजो."

खरं होतं. पुस्तकातलं वाक्य मी जसंच्या तसं फेकलं होतं. ते लिहिणाऱ्याची खोली असेल अठरा अंशांची. आमचं स्टोअर पत्र्याचं. मी वऱ्हाडातल्याच बार्शीटाकळीचा, तरी मला ऊन आठवलं नाही. दोन दिवस वाइन उकडत होती.

हॉटेलच्या जीएम साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "बर्फात घाल. थंड झाली की वास दबतो. शेतकऱ्याला काय कळतंय?"

मी हादरलो. त्याहून वाईट म्हणजे, मी ऐकलं.

रीत अशी की यजमानाच्या ग्लासात आधी घोटभर ओतायची. त्यानं मान डोलावली की बाकीच्यांना. किसनरावांनी ग्लास नाकाशी नेला आणि थांबले.

"सायेब, हे बाटली तापली व्हती काय?"

मी बाटली टेबलावर ठेवली.

"उन्हात उभ्या टेम्पोतल्या संत्र्याले असाच वास येते. जिंदगी गेली तो घेन्यात."

"हो काका. चूक माझी. तिन्ही गेल्या."

मुलीचा चेहरा उतरला. तिनं सासऱ्यांना सांगितलं. ते हळू आवाजात काहीतरी बोलले.

"बाबा, बाटली उघडली तेव्हाच त्यांना समजलं होतं," ती म्हणाली. "तुमच्याकडचं पहिलं जेवण, म्हणून ते गुमान पिणार होते."

किसनराव व्याह्यांकडे बघतच राहिले. मग माझ्याकडे वळले.

"वाइन त गेली. आता त ठेचा आना!"

ठेचा आला. व्याह्यांनी चांगला बोटभर खाल्ला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ठेच्याचं की बाटल्यांचं, विचारायची माझी हिंमत झाली नाही.

स्टोअरमध्ये आता थर्मामीटर आहे. कुठलीही सूचना पाळण्याआधी ती कुठल्या गावात बसून लिहिली ते बघतो. आणि नाकानं फळं पारखणाऱ्या माणसापुढे बर्फ वापरत नाही.