धानोऱ्याची मिरी

"बोलू नको. आधी चाव."

आमच्या धानोऱ्याच्या बसस्टँडवर चाचांचा पानठेला होता. तिथे गेलं की पहिले हातावर एक पान पडायचं. खायला नाही, चावून ओळखायला! तुम्हीही फसला असता, सांगते, कारण तिन्ही पानं चकचकीत, टोकदार, सारखीच. एक विड्याचं, एक जंगलातल्या पिंपळीचं, एक मिरीचं.

"तिघी बहिनी आहेत ह्या. एक रंगते, एक खोकला काढते, अन् तिसरी जाळते."

"आणि मिरची?"

"थे परकी. वांग्याच्या घरची."

मिरीचा वेल केरळच्या एका नर्सबाईनं सुट्टीवरून आणून दिलेला. चाचांनी तो ठेल्यामागे तेलाच्या पिप्यात लावला. अख्खा स्टँड हसला. इथल्या मे महिन्यात माणसं वाळतात, तिथं मिरी! चाचा दिवसातून चारदा वेलावरचं गोणपाट ओलं करायचे. वेल सावलीत, स्वतः उन्हात.

दोन वर्षं त्यांनी तो वेल गडचिरोलीच्या शेती प्रदर्शनात नेला. दोन्ही वेळा परीक्षक साहेब म्हणाले, "फळ कुठंय? हे विड्याचं पान आहे. मिरी इथं होतच नाही."

"पुढल्या साली येतो," चाचा म्हणायचे. बस.

तिसऱ्या वर्षी घोस लागला! एकच, हिरव्या मण्यांचा. मी तेव्हा बारावीत. पिपा मांडीवर घेऊन चाचांसोबत एसटीनं गेले. साहेब वाकले, हसले. "चाचा, दोऱ्यानं बांधून आणला काय?"

माझं डोकंच सटकलं. चाचांनी तो एकुलता एक घोस तोडला आणि साहेबांच्या तळहातावर ठेवला.

"दोरा शोधा. नाई सापडला तं खाऊन पाहा."

भोवती गर्दी जमलेली. साहेबांना खावंच लागलं. मग खोकत खोकत त्यांनी वहीत लिहिलं: वेलाला फळ नाही, बाद.

चाचा जाऊन आता पाच वर्षं झाली. ठेल्याच्या जागी मोबाईलचं दुकान आहे. पण मला ते अजून त्या मंडपातच दिसतात. मी रडत होते, "चाचा, बक्षीस गेलं ना!"

"काऊन रडून राह्यली बेटा? तिकडं पाह्य."

साहेब लालबुंद. डोळ्यांतून धारा. चाचांनी पिपा खांद्यावर घेतला आणि मंडपभर ऐकू जाईल असे ओरडले, "साहेबाले पानी द्या रे कोनी! मिरी लागली त्यायले, धानोऱ्याची!"