एकतीस नावांखालची तारीख

अकलोलीची भावना दापोड्याच्या गोदाम समितीत कारकून आहे. गरम कुंडाशेजारी वाढलेली, पण स्वतः सहजी उकळत नाही. तिचे वडील अनंता तिथेच हमाल. वीस वर्षं पन्नास किलोची पोती वाहून पाठ अशी झाली की बसलेला माणूस भिंत धरून उठतो.

यंदा गोदामातल्या कामाचं नवं मानक दिल्लीत ठरत होतं. मसुद्यात पोत्याच्या वजनाची जागा मोकळी होती. पन्नास की तीस, ते ज्याने त्याने लिहून गुरुवारी पाचपर्यंत समितीत द्यायचं. भावना कागद दिल्लीला पाठवणार आणि तिथलं दार मिटणार.

समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूचना लिहायचा मान सचिव केसरीनाथशेटांचा. शेटांनी उभी हयात हळदीच्या पत्रिका लिहिण्यात घालवलेली. आपल्याकडे पत्रिकेत एक काका राहिला, तर दोन पिढ्या जेवायला येत नाहीत. म्हणून त्यांची सूचनाही गणरायाला वंदून निघायची. मग अध्यक्ष, उपाध्यक्ष, सल्लागार, आधारस्तंभ अशी एकतीस नावं मानपानाने उतरायची. तारीख सर्वांत खाली, मांडवामागे उष्ट्या पत्रावळींपाशी उभ्या राहिलेल्या गरीब पाहुण्यासारखी. मोबाइलवर सहाव्या नावापाशी मजकूर तुटायचा. पुढचं उघडून वाचणारा अजून जन्मायचा होता.

बुधवारी सकाळी भावनाने ग्रुपवर आपणच लिहिलं : 'उद्या गुरुवार, बारा तारीख, पाच वाजता मुदत संपते. पोतं पन्नासचं की तीसचं, लिहून भावनाकडे द्या. उशिरा आलेला कागद जाणार नाही.'

हमालांनी ते दहाच्या चहाला वाचलं. मालकमंडळींचे डोळे अकराला उघडतात. शेटांचाही फोन तेव्हाच आला.

"भावना, हे काय गं? वीज तोडायची नोटीस काढलीस का? अध्यक्षांचं नाव कुठाय?"

"तारीख दिसावी म्हणून लिहिलं, शेट."

"तारखेला काय बघायचं? माणसं दिसली पाहिजेत. पूस ते."

तिने पुसलं. शेटांनी आपली सूचना परत सोडली, या खेपेला कमळाच्या फुलासकट.

गुरुवारी दुपारी अनंता आला. बेचाळीस हमालांच्या सह्या नि अंगठे असलेला कागद त्याने दोन्ही हातांनी पुढे केला. "भावने, यो घे. तीसचा हाय." तिने परक्या माणसाला द्यावी तशी पोच दिली. पाच वाजता जेवढं आलं होतं, तेवढं दिल्लीला गेलं.

शुक्रवारी केसरीनाथशेट मालकांचा कागद घेऊन आले. पन्नासच हवं, असा. जाड कागदावर, रंगीत छापलेला.

"मुदत काल संपली, शेट."

"मला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. कमळाच्या जरा वर."

शेट खुर्चीत बसले. "कालची तारीख टाक."

"कागद पोचल्याची वेळ दिल्लीतच पडते, शेट. तिथलं दार काल पाचला मिटलं."

"हमालांना बरं कळलं सगळं."

शेटांनी मोबाइल काढला, आपलीच सूचना उघडली आणि बोटाने वर सरकवत राहिले. बराच वेळ.

सुट्टी झाल्यावर ती गोदामाकडे गेली. अनंता ट्रकच्या फळीला टेकून उभा होता.

"आता उंद्यापासून तीसचा ना गं?"

"न्हाय बाबा. दिल्लीनं ठरवून लागू व्हायला दीड वर्ष तरी लागंल."

"हां," तो म्हणाला आणि पुढचं पोतं घ्यायला पाठ वाकवली.