बटाट्यांचा खड्डा

लडाखच्या त्या गावात टॉवरसाठी जमिनीखालून फायबरची केबल टाकायला उन्हाळ्यात सुरुवात झाली, तेव्हा यांगडोल फावडं घेऊन मजुरांत उभी राहिली. मुकादम फुंचोक याच गावचा. कागद बघून तो म्हणाला, “कमरेइतकं खणा, पुरे.”

“अरे नोनो, धाकट्या भावा, तुझ्या आईने हिवाळ्याचे बटाटे कमरेइतके पुरले असते, तर तू दगड चावत वाढला असतास,” यांगडोल म्हणाली. “छातीइतकं खण.”

बाया हसल्या. फुंचोकचं तोंड एवढंसं झालं, पण त्याने छातीइतकं खणून घेतलं.

जानेवारीत कुदळ मारली की जमिनीतून ठिणगी उडू लागली. पलीकडच्या खेड्यात केबल उथळ होती. पाइपात शिरलेल्या पाण्याचा बर्फ झाला, त्याने आतला काचेचा धागा आवळला आणि तिथले फोन मुके झाले. इथले मात्र चालू. फुंचोक कारण विचारायला यांगडोलच्या दारी आला.

अंगणातल्या खड्ड्यावरचं गवत तिने बाजूला सारलं आणि म्हणाली, “हात घाल.”

पालथा पडून त्याने खांद्यापर्यंत हात घातला. वर मिशीवर श्वास गोठत होता. खाली माती मऊ होती, आणि एका बटाट्याला कोंब फुटला होता. त्याला हात काढवेना.

“खाली शेकोटी कोण पेटवतं, आमा-ले?”

“मला ठाऊक असतं तर तीस हिवाळे रोज सकाळी हात घालून बघितलं असतं होय?”