टाइलवरची राणी

पुण्यात मी कॉलेजात इंग्रजी नाटकं शिकवायचे. नवऱ्याच्या नोकरीपायी टोकियोत, कोतो नावाच्या भागात आले आणि कितीतरी वर्षं नुसती कुणाची बायको, कुणाची आई होऊन राहिले. मग घराजवळच्या एका लहानशा खासगी संग्रहालयात काम मिळालं, बिनपगारी. तिथे व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्लिश टाइल्स होत्या. भिंतीतल्या शेकोटीभोवती बसवायच्या, सायीच्या रंगाच्या, त्यांवर तपकिरी रेषांत नाटकांतले प्रसंग छापलेले. येणाऱ्यांना मी मोडक्यातोडक्या जपानीत त्यांच्या गोष्टी सांगायचे.

एका टाइलवर एक राणी पुतळा होऊन उभी होती. नवऱ्यानं खोटा आळ घेतला, तेव्हापासून ती जगाच्या लेखी मेलेली. आता तो पुतळ्यापुढे रडतोय, आणि पुतळा हलतो. "ती त्याला जवळ घेते," मी सांगायचे, "पण बोलते फक्त मुलीशी. नवऱ्याशी एक शब्दही नाही." म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघायच्या. एकीनं तर माझा हात दाबला होता.

यंदा व्यवस्थापकांनी ऑडिओ गाइड करायचं ठरवलं. मजकूर माझ्याकडून मागवला, मीही खपून लिहून दिला. आवाज कुणाचा, हे मात्र मला मुलीकडून कळलं. तिचाच.

"हो म्हणण्याआधी मला विचारावंसं नाही वाटलं?"

"आई, साधा बाइतो आहे गं, पार्टटाइम काम. आणि खरं सांगू? तुझं जपानी लोकांना कळत नाही. हसून मान हलवतात, एवढंच."

मी तिकीट काढून ऐकायला गेले. आवाज सुरेख लागला होता. राणीपाशी आले. 'राजाचा पश्चात्ताप फळला, प्रेमाचा विजय झाला,' मुलगी माझ्या कानात सांगत होती. माझं वाक्य गाळलं होतं.

व्यवस्थापकांना विचारलं. म्हणाले, "लोक सुट्टीच्या दिवशी येतात. गोड शेवट बरा वाटतो त्यांना."

"ते वाक्य परत घाला."

"विचार करू," ते कमरेत वाकून म्हणाले. इथं त्याचा अर्थ 'नाही' असतो, हे एव्हाना मला कुणी शिकवायला नको होतं. मग आजवरच्या मदतीबद्दल आभार मानून त्यांनी मिठाईचा खोका हातात ठेवला. गाइड आल्यामुळे आता मला यायचा त्रास पडणार नव्हता म्हणे.

घरी नवऱ्यानं खोका उघडून एक तुकडा तोंडात टाकला. "मस्त आहे. बरं झालं, तुझी दगदग वाचली."

मुलगी फोनमधून डोकं वर न काढता जपानीत म्हणाली, "आता निदान घरी तरी भाषणं नकोत." दोघं हसली. मला कळलं नसेल, असं तिला वाटलं असावं.

ती दोघं झोपायला गेल्यावर मी खोक्याचा पुठ्ठा वेगळा केला, प्लास्टिक वेगळं केलं, इथल्या नियमाप्रमाणे, आणि उरलेली सगळी मिठाई जळाऊ कचऱ्यात टाकली.