सरदार पडला तेव्हा

आम्ही टाळ्या वाजवल्या. मधू कोसळला आणि आम्ही, त्याचे जिवाभावाचे म्हणवणारे, टाळ्या वाजवत बसलो... महिना होऊन गेला, तो आवाज काही कानातून जात नाही.

मधू माझा देवळ्याचा शाळासोबती. नाशकात कॉलेजात मराठी शिकवायचा आणि संध्याकाळी सातपूरच्या एका हॉलमध्ये आम्हा कारखान्यातल्या लोकांना जमवून नाटकं बसवायचा. तिसरी घंटा म्हणून स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायचा. ती झाली की काही झालं तरी तालीम थांबवायची नाही, हा त्याचा कायदा. शिंक आली तरी गिळा म्हणायचा, लेकाचा!

यंदा राज्य नाट्यस्पर्धेसाठी बसवलेलं नाटक त्याचं स्वतःचं होतं. गादीच्या हव्यासापायी सगळं गमावणारा एक सरदार. उपरोध म्हणजे टोमणा, एवढंच आम्हाला ठाऊक. मधू समजवायचा, "अरे, सरदार म्हणतो, आता माझं कोण वाकडं करणार? आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसतंय, याचे दिवस भरलेत. त्याला तेवढं दिसत नाही. हसूही येतं आणि पोटात कालवतंही... तो उपरोध."

आणि हा शहाणा स्वतः? जिना चढताना धापा टाकायचा. डॉक्टरांनी हृदयाच्या तपासण्या सांगितलेल्या. त्याची बायको, आमच्या वहिनी, रडकुंडीला आल्या. मी कडकडून भांडलो. तर म्हणे, "स्पर्धा होऊ दे रे. एकदा राज्यात पहिला येऊ दे, मग काय चिरायचं ते चिरा." त्याच्या नाटकातला सरदार तरी याहून वेगळं काय बोलत होता? आम्हा सगळ्यांना दिसत होतं. त्याला तेवढं दिसत नव्हतं.

त्या संध्याकाळी सरदाराचं मरण जमेना. सरदार करणारा विलास नुसताच धपकन पडायचा. "सरक, मी दाखवतो," म्हणत मधू उठला. दोन वाक्यं बोलला, छाती धरली, घामाने डबडबला, गुडघ्यांवर आला, पडला. "वा सर!" विलास ओरडला, आणि टाळ्या... या वेळी सगळं उलटं झालं होतं. सरदाराला कळलं होतं, बघणाऱ्यांना नाही. तिसरी घंटा झालेली, म्हणून कुणी जागचं हललंही नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता.

फार राग येतो त्याचा. भेटला तर आधी चार शिव्या घालीन, मग पोटभर रडेन.

तालमी पुन्हा सुरू केल्यात. पेला वहिनींनीच पाठवला. आता चमचा मी वाजवतो. फक्त त्याचा कायदा आम्ही मोडलाय. विलास हल्ली छान पडतो, अगदी मधूने दाखवलं तसा. पण टाळी कुणी वाजवत नाही. आधी सगळे धावत जाऊन त्याच्या नाकाशी हात धरतात.