मळ्याच्या दाराशी काढलेला पाय

माझा धाकटा भाऊ ब्रह्मदेशातल्या लढाईवरून परत आला, तेव्हा त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. सुरुंगावर पडला होता. गाव म्हणालं, देव तारी त्याला कोण मारी. देवानं तारलं खरं, पण त्याची मजुरी म्हणून पाय कापून घेतला, एवढं कुणी बोललं नाही.

पुण्याच्या लष्करी दवाखान्यात त्याला लाकडाचा पाय मिळाला होता. वर मांडीला आवळायचा चामड्याचा पट्टा, खाली बूट. दोन दांड्यांच्या मधून, त्यांना धरून धरून, तो कित्येक महिने तिथे चालायला शिकला. तिथला डॉक्टर या पायांचाच अभ्यास करत होता. दवाखान्याच्या फरशीवर चालणारा पाय खेड्यात, शेतातल्या काळ्या मातीत कामाला येतो की नाही, हे त्याला पाहायचं होतं. वर्षभरानं तो अकोल्याला येऊन वऱ्हाडातल्या अशा सगळ्या शिपायांना तपासणार होता. निरोप देताना त्यानं भावाला बजावलं, पाय सकाळी चढवायचा तो झोपतानाच काढायचा, आणि गुडघा दुमडून बसायचं नाही. दुमडून राहिला की आखडतो, मग हा पाय जन्मात चढणार नाही. भावानं घरी आल्याबरोबर हे सगळं मला आणि मायला सांगितलं. आम्ही दोघांनी माना डोलावल्या.

पहिला महिना फार चांगला गेला. तो अंजनगावच्या बाजारात चालत जाई नि चालत येई. पोरंटोरं मागून पळत. मी चिडवायचो, ‘आला पलटणीचा घोडा’, आणि तो मुद्दाम पाय आपटून दाखवायचा. मला त्याचा अभिमान वाटे. हे लिहितानाही वाटतो, म्हणून तर पुढचं लिहिणं जड जातं.

मग एके दिवशी तो मळ्यात आला. आमचा पानमळा. पानवेलीचं सोवळं मोठं कडक. मळ्यात चामडं जात नाही, पायताण दाराशीच निघतं, मग साहेब आला तरी. मी आत वेल बांधत होतो, तो दाराशी थांबला. त्यालाही रीत ठाऊक होतीच.

मी म्हटलं, ‘‘काढ ते.’’

‘‘दादा, बूट काढतो. पाय कसा काढू?’’

‘‘पट्टा चामड्याचाच हाय ना?’’

‘‘हाय.’’

‘‘मंग?’’

‘‘डाक्टरनं सांगतलं हाय, दिवसभर ठेवा लागते म्हून.’’

‘‘मळा डाक्टरचा हाय का?’’

तो खाली बसला, पट्टा सोडला आणि पाय कुंपणाला टेकवून ठेवला. मग काठीवर उड्या घेत आत आला.

तेव्हापासून तो रोज येऊ लागला. वेलींच्या ओळीत बुटक्या पाटावर गुडघा दुमडून बसायचा आणि लव्हाळ्यानं वेल बांधायचा. दोन मजुरांचं काम एकटा उरकायचा, असा त्याचा हात. संध्याकाळी उरलेल्या पायाचा खुंट सुजलेला असे, लाकडी पाय त्यावर चढत नसे, म्हणून तो काखेत घेऊन काठीवर घरी यायचा. घरी माय गुडघ्याखाली उशी सरकवायची, तेवढाच लेकराला आराम. तिलाही डॉक्टरचं बोलणं ठाऊक होतं. पण उशीनं काय होतंय, असं आम्हाला वाटलं.

त्याला बाजारात पानं विकायला बसवता आलं असतं. ही अक्कल मला पुढं सुचली. खरं सांगायचं तर मला सोवळ्याइतकाच त्याचा हात हवा होता. त्या वर्षी मळ्यात माणूस मिळत नव्हता.

पावसाळा सरता सरता एका सकाळी त्यानं पाय चढवायला घेतला, तर गुडघा सरळच होईना. मायनं तेल चोळलं. मी धरून ओढून पाहिला, तसा तो ओरडला. शत्रूच्या सुरुंगावर ओरडला नसेल इतका. त्याच महिन्यात मळ्याला मर लागली. चामड्याचा तुकडा आत गेला नव्हता, तरी वेली मुळाशी कुजत गेल्या. मी कुणावर चिडायचं तेच मला कळेना.

अकोल्याला गेलो ते वरातीमागून घोडं. डॉक्टरनं भावाचा गुडघा दाबला, वाकवला, पितळी पट्टीनं कोन मोजला आणि वहीत लिहिला. मग पट्टी खाली ठेवली.

‘‘हा आता सरळ व्हायचा नाही,’’ तो म्हणाला. ‘‘पाय कधीपासून घातला नाहीत? का?’’

मी भिंतीकडे पाहत होतो. भाऊ म्हणाला, ‘‘टोचे, साहेब. म्याच टाकून देल्ला.’’

‘‘घरचे काही म्हणाले नाहीत?’’

‘‘दादा रोज म्हने, घाल म्हून. म्याच आयकलं नाई.’’

डॉक्टर बराच वेळ लिहीत होता. मग थकल्यासारखा म्हणाला, ‘‘आज सकाळपासून तुम्ही तिसरे. तिघंही शेतीवाले, तिघंही म्हणतात पाय टोचतो. म्हणजे आमच्या बनावटीतच काहीतरी चुकतंय. खेड्यातल्या माणसांना हा पाय देणं थांबवावं लागेल.’’ मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. ‘‘तुम्ही तर घरातच असता. टोचत होता ना?’’

बाहेर बाकावर आणखी चार-पाच शिपाई बसले होते. त्यांची बायकामाणसं सोबत होती. माझं एक खरं वाक्य त्या वहीत गेलं असतं, तर हा पाय देणं थांबलं नसतं आणि पुढच्या कितीजणांच्या घरच्यांना कुणी वेळेवर धाक घातला असता. मला ते तेव्हाच कळत होतं. नंतर सुचलं असं मी म्हणणार नाही.

‘‘हो साहेब,’’ मी म्हणालो, ‘‘लय टोचे.’’

डॉक्टरनं तो पाय मागून घेतला. त्यातला दोष शोधायचा आहे म्हणाला. भावानं पट्ट्यावरून एकदा हात फिरवला आणि पाय त्याच्याकडे दिला, ते मी पाहिलं. मग मी खाली वाकलो, त्याला पाठीवर घेतलं, आणि तो माझ्या कानाशी म्हणाला, ‘‘दादा, आता मळ्यात येताना काई काढा लागनार नाई.’’