भोंगा होईपर्यंत बोललो

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायको गेली, तिलाही सांगितलं नाही. मठात स्वामींसमोर एकदा तोंड उघडलं होतं — पण पाऊसपाण्याचं बोलून उठलो. माझं शिक्षण दुसरीपर्यंत. अक्षर वाकडं आहे, तेवढं चालवून घ्या. बाकी काही चालवून घ्या म्हणणार नाही.

आधी शनवारच्या मिटिंगचं सांगतो. तुम्ही म्हणाल, कबूल करायचंय तर कर की, मिटिंग कशाला मधे आणतोस? पण जे केलं ते तिथंच केलं. आणि असं केलं की पंचवीस डोळे असते तरी कुणाला दिसलं नसतं.

मी सोलापूरच्या एका मिलमध्ये जॉबर होतो, म्हणजे विणकरांवरचा मुकादम. कापड विणायच्या खात्यात मागांच्या सहा ओळी, त्यांना आम्ही लाईन म्हणायचो. एका लाईनीवर एक जॉबर. चौथी लाईन माझी. आमच्या आधीच्या काळात जॉबर लोक साहेबाच्या कानाला लागायचे — ह्याला काढा, त्याला घ्या — आणि बाहेर येऊन विणकराकडून कोंबडी खायचे. नवे साहेब आले आणि त्यांनी ते बंद केलं. शनवारी सुटीच्या आधी अर्धा तास सहाही जॉबरांनी त्यांच्या काचेच्या खोलीत यायचं. पायताण बाहेर, पटका डोक्यावर. पहिल्या लाईनीपासून एकेकानं बोलायचं. एक बोलत असताना दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही, साहेबसुद्धा मधे बोलायचे नाहीत. माणसाचं काही असेल तर ते इथंच, सगळ्यांच्या समोर सांगायचं. एकट्यानं साहेबाच्या दाराशी जायचं नाही. आणि भोंगा झाला की संपलं — वाक्य अर्धं असलं तरी. बाहेर साहेबांचा टांगा उभा असायचा.

नियम चांगला होता. मी आजही म्हणतो, चांगला होता. त्या खोलीत उभं राहिलं की आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. घरी कोण अर्धा तास ऐकून घेतं?

माझ्यानंतर मल्लय्याचा नंबर. पाचवी लाईन.

मल्लय्या माझ्याहून नऊ-दहा वर्षांनी लहान. घरी तेलुगू बोलायचा, पण मराठी वाचायला रात्रशाळेत शिकला होता. खिशात कागदाचा चिठोरा घेऊन यायचा. तीन वाक्यं बोलायचा, फार तर चार. आणि तो बोलायला लागला की साहेब टेबलावरची पेन्सिल उचलायचे.

माझ्या वेळेला ती पेन्सिल तिथंच पडलेली असायची. तुम्ही हसाल. एवढा मोठा बाप्या, दोन पोरांचा बाप, आणि पेन्सिलीकडं बघत उभा? होय, बघत होतो. चार वर्षं बघत होतो. घरी जेवताना घास तोंडात फिरायचा. मल्लय्या काय बोलला ते बायकोला सांगून मी त्याची नक्कल करायचो, आणि ती हसली नाही की तिच्यावर चिडायचो.

आता शिवप्पामामाचं. हे सांगायला जड जातंय, म्हणून पेन्सिलीचं आधी सांगत बसलो.

शिवप्पामामा आमच्या अक्कलकोटकडच्या गावचा. नात्यानं मामा नव्हे, मानानं. मी पोरसवदा सोलापुरात आलो, तेव्हा त्यानं मला मागापाशी उभं केलं. तुटलेल्या सुताला गाठ कशी मारायची ते माझी बोटं धरून शिकवलं. चुकलं की कानडीत एक शिवी, जमलं की गुळाचा खडा. पुढं मी जॉबर झालो आणि मामा माझ्याच लाईनीत विणकर राहिला. त्याला कधी कमीपणा वाटला नाही. मलाच मोठेपणा वाटायचा.

आणि एका शनवारी मिटिंगमध्ये मल्लय्यानं चिठोरा काढून वाचलं — शिवप्पाला पाचव्या लाईनीत यायचंय. चौथ्याची हरकत आहे का? सगळ्यांच्या समोर मी काय म्हणणार? नाही म्हणालो. बाहेर येऊन मामाला गाठलं तर म्हणतो, "तितं खिडकी हाय रे इरप्पा. उजेड बरा पडतोय." मला ते खोटं वाटलं. खिडकीसाठी कुणी आपला माणूस सोडतं? मल्लय्याचं वजन आहे, म्हणून गेला, असंच मी धरलं. धरलं ते धरलं.

त्याला दिसेनासं झालं होतं. ते त्यानं माझ्यापासून लपवलं, मल्लय्याला सांगितलं. मला कळायला दीड वर्ष गेलं.

कळलं तो शनवार. दुपारी हौदापाशी मी पाणी पीत होतो. मल्लय्या आला, इकडंतिकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला,

"अण्णा, आज तुमी जरा थोडक्यात घ्या की. मामाचं सांगायचं हाय. डोळ्यानं काम होत न्हाय म्हणून सोमवारी नाव काटणार. मागांवर सुताच्या कांड्या पोचवायच्या कामावर घ्या म्हणून सायबाला सांगतो. पाच मिंटं पायजेत."

मी म्हणालो, "बरं की."

हे लक्षात ठेवा. मला माहीत नव्हतं, असं मला म्हणता येत नाही. विचारलं होतं, आणि मी बरं म्हणालो होतो.

पण त्या क्षणी मला मामाचे डोळे दिसले नाहीत. मला एवढंच दिसलं की मामा त्याच्याकडं गेला. ज्याची बोटं धरली त्याच्याकडं आला नाही — त्या चिठोरेवाल्याकडं गेला. आणि आता तो तीन वाक्यं बोलणार, साहेब लिहून घेणार, मामा जन्मभर त्याचं नाव घेणार.

मिटिंग सुरू झाली. पहिले तिघे नेहमीसारखे आटपले. माझा नंबर आला तेव्हा भोंग्याला अठरा मिनिटं होती. मी घड्याळ बघितलं. मग बोलायला लागलो.

माग फिरवणाऱ्या वरच्या दांड्यावरनं कापडावर तेल ठिबकतं, हे सांगायचं होतं. दोन वाक्यांचं काम. मी पहिल्या मागापासून सुरुवात केली. तिथं किती ठिबकतं, डाग केवढा पडतो, कापडाच्या कितव्या वाराला पडतो. मग दुसरा माग. मग तिसरा. शिवी नाही, खोटं नाही, एक शब्द वावगा नाही. उलट इतकं चांगलं मी कधीच बोललो नव्हतो. सातव्या मागाला मल्लय्यानं चिठोरा बाहेर काढला. दहाव्याला तो माझ्याकडं बघायला लागला. मी त्याच्याकडं बघितलं नाही, पण त्याचा श्वास मला ऐकू येत होता. त्याला मधे बोलता आलं असतं का? नाही. त्या खोलीत कुणी कधी बोललं नव्हतं.

आणि साहेबांनी पेन्सिल उचलली. माझ्यासाठी! बाराव्या मागाला उचलली. खरं सांगू? त्या वेळी मला मामा आठवलाच नाही. इतका आनंद झाला की डोळ्यात पाणी आलं. दांड्याखाली पत्र्याच्या पन्हाळ्या लावा, तेल त्यात पडेल, असंही मी बोलून गेलो. ते तर मला उभ्या उभ्या सुचलं.

भोंगा झाला.

साहेब टोपी घालून उठले. म्हणाले, "आज इरप्पा कामाचं बोलला." सगळ्यांनी माना हलवल्या. मल्लय्यानंसुद्धा हलवली — त्या खोलीतली रीतच होती ती.

बाहेर पायताण घालताना तो माझ्याशेजारी वाकला होता. एवढंच म्हणाला, "अण्णा, पन्हाळ्या पुढच्या शनवारी बी लागल्या असत्या." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

सोमवारी सकाळी तो नियम मोडून साहेबाच्या दाराशी उभा राहिला. साहेब म्हणाले, काय असेल ते शनवारी मिटिंगमध्ये बोल. दाराशी आलेलं मी ऐकत नाही. दुपारी मामाचं नाव काटलं. मल्लय्या 'चौथ्यानं जाणूनबुजून वेळ खाल्ला' असं म्हणू शकला असता. म्हणाला नाही. त्याचा मला त्याहून राग आला. अजून येतो. आजही कुणी मल्लय्याचं चांगलं बोललं की मी विषय बदलतो. म्हातारपणानं ते गेलं नाही.

त्याच संध्याकाळी मामा गेटाशी थांबला होता. बगलेत भाकरीचं फडकं. मला वाटलं, आता विचारणार. त्यानं चाचपडत माझा हात धरला.

"इरप्पा, तू लई भारी बोललास म्हणं. सायबानं लिवून घेतलं म्हणं की! मल्लय्या सांगत होता. बरं वाटलं बघ. माजं शिकवणं वाया न्हाय गेलं."

मी म्हणालो, "तुमची कृपा मामा." असंच म्हणालो. तुम्हीच सांगा, याहून नीच उत्तर असतं का? मग त्याला रस्ता ओलांडून दिला आणि घरी आलो. त्या रात्री झोप चांगली लागली. तेही लपवत नाही.

मामा पुढं एका हातमागवाल्याच्या घरी बायापोरींच्या ओळीत बसून कांड्या भरायचा. मी त्या गल्लीनं जायचं सोडलं. वर्षभरानं तो गावाकडं गेला, तिकडंच वारला. पन्हाळ्या लागल्या. मला हेड जॉबर केलं. मिटिंगमध्ये साहेबाच्या उजव्या हाताला उभा राहायला लागलो, आणि कुणी लांबण लावली की घड्याळाकडं बोट दाखवायचं काम माझ्याकडं आलं. ते मी चोख केलं.

परवा घरात कुणी नव्हतं, तेव्हा मी मोठ्यानं म्हणून बघितलं — "साहेब, शिवप्पाला दिसत नाही, त्याला कांड्या पोचवायच्या कामावर घ्या." एका दमात झालं. माझ्या नंबरात मीही ते म्हणू शकलो असतो. नियमात बसत होतं, वेळ होता, शब्द येत होते. पण मामा ते माझ्याकडं मागायला आला नव्हता.